दस्तीखालचा भाव

दुकानदारानं साखर तोलून दिली की कासाबाई ती शेजारच्या दुकानात नेऊन पुन्हा तोलून घेते. दोन्ही दुकानदारांना हे ठाऊक आहे. सुरुवातीला ते चिडायचे, आता ती दिसली की मुकाट्यानं काटा पुसून ठेवतात. एसटीत बसली तर तिकिटावरचं गाव ती शेजारच्याकडून वाचून घेते आणि मग पुढच्या सीटवरच्याकडूनही वाचून घेते, कारण शेजारचा आणि कंडक्टर एकमेकांचे पाव्हणे नसतील कशावरून? सोनपेठच्या अलीकडच्या त्या वाडीत तिला कुणी तोंडावर संशयी म्हणत नाही. पाठीमागं सगळेच म्हणतात, आणि ते म्हणत असणार याचा तिला संशय आहेच.

पण सगळा दोष तिच्या माथी मारणं बरं नव्हे. मेंढरांच्या घरात जन्मली आणि मेंढरांच्याच घरात पडली. लहानपणी बापाच्या धोतराला धरून ती जनावरांच्या बाजारात उभी राहायची, आणि जगाबद्दल जे काही शिकायचं ते तिथंच शिकली. तिथं व्यापारी मोठमोठ्यानं बोलतो, शपथा घेतो, मेंढराला नावं ठेवतो, निघून गेल्याचं नाटक करतो. त्यातलं काहीच खरं नसतं. खरा भाव ठरतो तो दस्तीखाली. खांद्यावरची दस्ती काढून दोघांच्या पंजांवर टाकायची आणि आतल्या आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. बाहेर उभ्या असलेल्यांना नुसता कपडा हललेला दिसतो. तेव्हा जे मोठ्यानं बोललं जातं ते लोकांसाठी आणि जे खरं असतं ते कपड्याखाली, ही गोष्ट कासाबाईच्या मनात पक्की बसली ती कायमची.

नवरा मिळाला दत्तराव, म्हणजे गायीसारखा माणूस. पहिल्याच बाजारात त्यानं व्यापाऱ्याच्या शपथेवर दोन दांडगी मेंढरं कोकरांच्या भावात देऊन टाकली. त्या दिवसापासून विक्रीचं काम कासाबाईनं आपल्याकडे घेतलं. तिच्याकडे दस्ती नव्हती, तिनं पदर पुढं केला. बाईमाणसाचा हात धरायचा म्हणून जुने व्यापारी कचरायला लागले तेव्हा म्हणाली, “बोटं धरायचीत, हात न्हाई. भाव करा न्हाईतर वाट सोडा.” दत्तराव तेव्हापासून सुखात आहे. दिवाळी झाली की तो आणि त्याचा धाकटा भाऊ बिरदेव मेंढरं घेऊन दूरच्या शिवारांत जातात, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि मृग तोंडावर आला की परततात. घर, कोकरं आणि सगळ्या जगावर संशय घेण्याचं काम कासाबाई सांभाळते.

एकदाच ती फसली, आणि तेही मेंढरांच्या नाही, पोराच्या बाबतीत. थोरला भागवत दहावी झाला तेव्हा एका कॉलेजचे मास्तर घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, पोराच्या अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, आर्ट्सला टाका, सोपं जातं, बारावीनंतर पाहिजे तिकडं जाता येतं. भागवतला शेतीच्या कॉलेजात जायचं होतं. बारावी पास होऊन तो चौकशीला गेला तेव्हा खिडकीतल्या माणसानं सायन्स आहे का एवढंच विचारलं आणि पुढच्याला बोलावलं. आज भागवत सेलूला जिनिंगवर कापसाची गाडी चालवतो. चांगला चालवतो, घरी पैसेही पाठवतो, पण शेतीच्या कॉलेजावरून गाडी न्यायची वेळ आली की लांबच्या रस्त्यानं जातो. हे तो कुणाला सांगत नाही. कासाबाईला ते माहीत आहे, आणि त्या मास्तरांना दिलेला चहा तिच्या घशात अजून अडकलेला आहे.

त्यामुळं धाकटी दिपाली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा कासाबाईला आनंदाच्या आधी धास्तीच वाटली. निकाल लागला की आमच्याकडे मास्तरांचा हंगाम सुरू होतो. ऐन उन्हात डोक्याला उपरणी गुंडाळून तालुक्याच्या कॉलेजांतली ही मंडळी गावोगाव फिरतात. ज्याच्या घरी पास झालेलं पोर असेल त्याच्या ओसरीवर बसतात आणि आमच्याकडेच ॲडमिशन घ्या म्हणून गळ घालतात. का फिरता असं विचारलं तर मुलांच्या भल्यासाठी, असं सगळे एका सुरात सांगतात. कासाबाईनं त्या वर्षी कुणालाच चहा दिला नाही, पाणी मात्र दिलं.

शेवटी आल्या त्या धम्मशीला मॅडम. किडकिडीत अंगाच्या, स्कूटीवरून आलेल्या, बोलणं असं खणखणीत की गोठ्यातली कोकरं माना वर करून बघायला लागली. पाणी पिऊन त्या थेट विषयावर आल्या.

“कासाबाई, तुमची दिपाली सायन्सला येतेय ते चांगलंच आहे. पण तिला जीवशास्त्र घ्यायलाच लावा. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात आहे आणि जीवशास्त्राशिवाय तिकडचं दार उघडत नाही. बाकी काही करा, तो विषय सोडू नका.”

“तुमी काय शिकवता, मॅडम?”

“जीवशास्त्रच.”

कासाबाईनं मान हलवली. तिला जे पाहिजे होतं ते सापडलं होतं. बाजारात ज्याचं मेंढरू लंगडं असतं तोच त्याची तारीफ करत फिरतो, आणि या बाईंनी तर स्वतःचंच मेंढरू आणलं होतं.

“आन् तुमाला ह्यात काय मिळंल?” तिनं विचारलं.

“मला काय मिळायचंय? मुलीचं भलं होईल.”

मॅडमनी हे उत्तर दिलं तिथंच सगळं बिघडलं. पोरीच्या भल्यासाठी उन्हातान्हात एवढ्या लांब स्कूटी दामटत कोण येतं? भागवतच्या मास्तरांनीही भल्याचंच नाव घेतलं होतं. मॅडम गेल्यावर दिपाली म्हणाली, “माय, मला बी त्योच विषय पायजे.” तेव्हा कासाबाईची खात्रीच पटली की पोरीला आधीच फितवलेलं आहे.

अर्ज मोबाइलवरून भरले जातात हे खरं, पण विषय कोणते ते कॉलेजात जाऊनच सांगावं लागतं. कासाबाई स्वतः गेली. खिडकीशी बन्सीधर नावाचा क्लार्क होता. तिनं त्याला सरळ सांगितलं, “त्या मॅडमचा विषय सोडून जे आसंल ते द्या.”

बन्सीधरनं एकदा तिच्याकडे आणि एकदा दिपालीकडे पाहिलं. “बायोलॉजी सोडायचं तर गणिताबरोबर भूगोल बसतो. पण मावशी, नंतर म्हणाल...”

“भूगोल म्हंजी गावं, नद्या, डोंगर?”

“तसंच काही.”

“मंग चांगलंय की. कुठं काय हाय ते तरी कळंल पोरीला.”

आईनं सांगितलं तिथं दिपालीनं सही केली, आणि परतीच्या एसटीत गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. कासाबाईला वाटलं, पोरगी जरा वेळ रुसंल आन् मंग इसरंल. आपण एका मोठ्या खड्ड्यातून तिला वाचवलं या समाधानात ती त्या दिवशी पोटभर जेवली.

पोरगी विसरली असंच काही महिने वाटलं. कॉलेजला वेळेवर जायची, घरी आली की कोकरांना पाला टाकायची, भाकरी थापायची. दिवाळी झाली, मेंढरं निघाली, आणि मग दिपालीची एसटी चुकायला लागली. रोज नाही, आठवड्यातून एकदोनदा. वाडीतली तिची मैत्रीण सत्यशीला नेहमीच्या गाडीनं उतरायची आणि दिपाली त्यानंतरच्या. थंडीचे दिवस, ती यायची तोवर दिवे लागलेले असायचे.

“कामून उशीर?”

“ज्यादा तास व्हता.”

“कशाचा?”

“भूगोलाचा.”

कासाबाईनं दुसऱ्या दिवशी सत्यशीलाला रस्त्यात गाठलं. सत्यशीला गुणी पोरगी, तिला खोटं बोलता येत नाही, त्यामुळं खोटं बोलायची वेळ आली की ती चपलेकडे बघते.

“भूगोलाचा ज्यादा तास आसतो का गं?”

“आसतो की, काकू.”

“मंग तू कामून बसत न्हाईस? तुला बी भूगोलच हाय न्हवं?”

सत्यशीला चपलेकडे बघत राहिली आणि मग पाणी भरायचंय म्हणून पळाली. कासाबाईला पुढं विचारायची गरजच उरली नाही. सतराव्या वर्षी पोरी उशिरा घरी येतात त्याचं कारण भूगोल नसतं, हे सांगायला मॅडम कशाला लागतात? तिनं बसस्टँडवर पेरू विकणाऱ्या बाईला, कंडक्टरला, पिठाच्या गिरणीवाल्याला, सगळ्यांना आडून आडून विचारलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं, म्हणजे सगळे सामील असणार.

शिवाय एक वास येत होता. ज्या दिवशी उशीर व्हायचा त्या दिवशी दिपालीच्या ओढणीला एक उग्र वास असायचा, नाकात झोंबणारा, दवाखान्यातल्यासारखा. कासाबाई ती ओढणी दोरीवरून काढून नाकाशी धरायची आणि पुन्हा टाकायची. हा अत्तराचा वास नव्हता. दारूचाही नव्हता, तो तिला ओळखता आला असता. पोरगी दवाखान्यात कशाला जाते? या विचाराशी आली की तिचं डोकं पुढं चालायचंच नाही, आणि ती उगीचच कोकरांवर ओरडायची.

संक्रांतीच्या सुमाराला घरी ठेवलेली कोकरं हगायला लागली. दत्तराव दूर, म्हणून तिनं जनावरांच्या दवाखान्यातून परमेश्वर डॉक्टरांना बोलावलं. औषधाच्या बाटलीवरची तारीख तिनं आधी दिपालीकडून आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या एका पोराकडून वाचून घेतली. डॉक्टर हसले, त्यांना तिची सवय होती. दिपालीनं एक कोकरू मांडीत धरलं, त्याच्या पापण्या उलट्या करून बघितल्या आणि म्हणाली, “डॉक्टर, रक्त कमी झालंय ह्येच्यात. चार पोटांतल्या चौथ्यात जंत आसतील न्हवं का?”

डॉक्टरांच्या हातातली सुई तशीच राहिली. “हे कुणी शिकवलं गं तुला?”

दिपालीनं कोकराची मांडी सुईसाठी पुढं केली. डॉक्टर कासाबाईकडे वळले. “हिला आमच्याच लाइनला पाठवा. परभणीलाच तर कॉलेज आहे. बारावीला बायोलॉजी आहे ना? ते नसेल तर मात्र काही उपयोग नाही, प्रवेश परीक्षेलाच बसता येत नाही.”

कासाबाईनं हातातली औषधाची बाटली खाली ठेवली. आधी मॅडम म्हणाल्या तेच हे म्हणत होते, फक्त शब्द वेगळे. म्हणजे दोघांचं संगनमत आहे, असं तिच्या मनानं ताबडतोब सांगितलं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्या मनाचं तिला पटेना. डॉक्टरला काय पडलंय? तो तर आपली सुई टोचून, चहाही न घेता निघाला होता. मग ते खरंच असेल तर? खरं असेल तर भागवतच्या मास्तरांनी जे भागवतचं केलं तेच दिपालीचं आपण केलं, आणि तेही कुणी न फसवता, आपल्याच शहाणपणानं. ती गोठ्याच्या दाराशी तशीच बसून राहिली. दिपालीनं हाक मारली तेव्हा म्हणाली, “यायलेय, तू जा फुडं.”

पण संशयाची सवय अशी एका दिवसात सुटते होय? विषयाचं दुःख एका बाजूला आणि उशिरा येणाऱ्या एसटीचं दुसऱ्या बाजूला. त्यातलं दुसरं आधी निस्तरायचं असं तिनं ठरवलं. पोरगी हातची जायला लागली तर विषय घेऊन काय करायचं? पुढच्याच आठवड्यात कोकरं शेजारणीवर सोपवून तिनं दुपारची गाडी धरली आणि कॉलेजच्या फाटकासमोरच्या लिंबाखाली, तोंडावर पदर ओढून, भाजी विकायला बसल्यासारखी बसली. एका मास्तरांनी मेथी आहे का म्हणून विचारलंसुद्धा.

कॉलेज सुटलं. पोरांचा लोंढा आला, त्यात सत्यशीला होती. दिपाली नव्हती. कासाबाई उठून आत गेली. व्हरांड्याच्या टोकाला तिला दिपालीची ओढणी दिसली, इमारतीच्या मागच्या बाजूला वळणारी. मागं कोण असतं? मागं भिंत, बाभळी आणि नको ते सगळं असतं. कासाबाईनं चप्पल हातात घेतली. आवाज होऊ नये म्हणून घेतली असं ती पुढं सांगायची, पण ती दुसऱ्या कामासाठीही घेतली होती.

मागं एक लांबट खोली होती. खिडकीपाशी पोचायच्या आधीच तिच्या नाकाला तो वास झोंबला. ओढणीवरचाच. आत फळ्यांवर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या, त्यांत पाण्यात काहीबाही बुडवून ठेवलेलं, बेडूक, साप, आणखी कसले कसले किडे. दहाबारा पोरंपोरी एका टेबलाभोवती उभी होती, धम्मशीला मॅडम हाताची घडी घालून मागं टेकल्या होत्या, आणि टेबलापाशी दिपाली बोलत होती. तिच्या हातात मेंढराचं हृदय होतं, खाटीक ज्याला दिल म्हणतात ते, उभं चिरलेलं.

“इकडची भिंत जाड आहे बघा, आणि इकडची पातळ,” ती सांगत होती. कॉलेजातली भाषा, स्वच्छ, कासाबाईनं घरी कधी न ऐकलेली. “कारण इकडून सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं असतं. ही झडप. रक्त मागं येऊ देत नाही. मेंढी डोंगर चढते तेव्हा...” आणि तिनं बोट घालून झडप उघडून दाखवली. पोरं वाकून बघत होती. कुणी हसत नव्हतं, कुणी कुणाकडे चोरून बघत नव्हतं. दिपालीच्या चेहऱ्यावर असं काही होतं की कासाबाईला क्षणभर ती दुसऱ्याच कुणाची लेक वाटली, आणि तिला फार अभिमान वाटला, आणि त्याच्या पाठोपाठ भीतीही वाटली.

खरं तर तिनं तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण कासाबाईच ती. दारात जाऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडून पहिला प्रश्न आला तो हा, “त्ये दिल कुणाच्या मेंढराचं हाय?”

सगळे वळले. दिपालीच्या हातातून ते टेबलावर पडलं. मॅडम पुढं आल्या. “खाटकाकडून आणलंय, मावशी. तुमच्या घरचं नाही.” त्यांनी पोरांना घरी पाठवलं आणि एक स्टूल ओढून तिला बसायला दिलं. ती बसली नाही. चप्पल अजून हातातच होती.

“हिला ह्यो विषय न्हाई. मी सोडाय लावलाय. मंग ही हितं काय करायलीय?”

“मी बसतेय, माय,” दिपाली म्हणाली. “पयल्यापसून. भूगोलाचं बी करतेय आन् ह्ये बी. दिवाळीपसून प्रॅक्टिकल सुरू झाले म्हनून उशीर व्हायलाय.”

मॅडमनी मग सगळं उलगडून सांगितलं. बारावीचा फॉर्म बोर्डाकडे जाईपर्यंत विषय बदलता येतो. पण अकरावीत त्या विषयाची प्रात्यक्षिकं झालेली पाहिजेत, वार्षिक परीक्षा त्यात दिलेली पाहिजे, आणि पालकाची संमती पाहिजे. प्राचार्यांना विचारून त्यांनी दिपालीला बसू दिलं होतं. प्रात्यक्षिकं झाली होती, परीक्षेची तयारी झाली होती. राहिली होती ती फक्त संमती.

“मंग मागाय कामून न्हाई आला?” कासाबाईनं विचारलं.

मॅडमनी दिपालीकडे पाहिलं. “मी निघालेच होते. हिनं थांबवलं.”

“का गं?”

दिपाली हाताला लागलेलं रक्त पुसत होती. एकच बोट पुन्हा पुन्हा पुसत होती. “मॅडम आल्या आसत्या तर तू न्हाई म्हनली आसतीस. मॅडम जे सांगतील त्येच्या उलटं करतीस तू.”

“मंग सही कशी घेनार व्हतीस माझी? चोरून?”

“चोरून न्हाई.” दिपालीनं मान वर केली. “मी तुला सांगनार व्हते की मॅडम मला बायोलॉजी घेऊच देईनात. भूगोलच कर म्हनायल्यात. मंग तू सवताच आली आसतीस भांडाय. आन् सही करून, दिवून गेली आसतीस.”

कासाबाईनं चप्पल धरलेला हात खाली केला. कारण असंच झालं असतं. अगदी असंच, तंतोतंत. ती पहिली गाडी धरून आली असती, बन्सीधरच्या खिडकीशी आवाज चढवला असता, सही ठोकली असती आणि आपण पोरीला पुन्हा एकदा वाचवलं म्हणून पोटभर जेवली असती. बाजारातल्या एवढ्या व्यापाऱ्यांना तिला असं फिरवणं जमलं नव्हतं. तिच्या घरात वाढलेल्या पोरीला ते जमलं होतं, आणि पोरगी ते कुठं शिकली हे विचारायची गरज नव्हती. आता मात्र ती स्टुलावर बसली. चप्पल पायात घातली. घालताना ती डावीउजवी झाली, ती पुन्हा बदलली.

मग तिनं मॅडमकडे तोंड केलं. “मॅडम, येक इचारते. पयल्या दिशी बी इचारलं व्हतं, तुमी खरं सांगितलं न्हाई. तुमचं ह्यात काय हाय?” आणि सवयीनं तिनं पदर पुढं करून आपला हात त्याखाली धरला.

मॅडमना बोटांची भाषा कुठून यायची? त्यांनी त्या पदराकडे पाहिलं आणि नुसता आपला हात पदराखाली तिच्या हातात दिला. बोलल्या मात्र तोंडानंच, आणि नेहमीपेक्षा हळू. “जीवशास्त्राला मुलं कमी पडली तर तुकडी बंद होते. तुकडी बंद झाली की मला अतिरिक्त ठरवून कुठंतरी दूर टाकतील. माझी आई इथं एकटी असते, तिला उचलून नेता येत नाही. म्हणून फिरते मी उन्हात. दिपाली हुशार आहे हे खरंच आहे. पण ती नसती हुशार तरी मी आलेच असते.”

कासाबाईचा चेहरा सैलावला. “आसं बोला की मंग. ह्ये त्या दिशी बोलला आसतात तर च्या दिला आसता तुमाला.”

“तुम्ही मला हाकलून दिलं असतं असं वाटलं.”

“ज्येला काय पायजे त्ये सांगत न्हाई, त्येला हाकलते मी.”

संमतीच्या कागदावर सही झाली. अर्थात अशी नाही. आधी बन्सीधरनं तो वाचून दाखवला, मग मॅडमनी वाचला, मग कासाबाईनं भागवतला फोन लावून कागद दिपालीकडून त्याला ऐकवला. भागवत तिकडून सगळं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “कर माय सही. इचार करू नगंस.” त्याचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला, गाडीचा आवाज होता की आणखी कशाचा ते तिला कळलं नाही. तिला लिहिता येतं ते फक्त आपलं नाव, ते तिनं कागदावर गिरवलं.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. मायलेकी शेजारी बसल्या. तिकिटं कासाबाईनं कुणाकडूनच वाचून घेतली नाहीत, तशीच कनवटीला लावली. हे दिपालीच्या लक्षात आलं. ओढणीला तो वास होताच.

“आनखी काय लपवलंयस?” कासाबाईनं विचारलं. रागानं नाही विचारलं.

दिपालीनं उत्तर द्यायला वेळ लावला. ती आत कुठंतरी हिशेब करत होती, काय सांगितलं तर आई काय म्हणेल आणि तेच उलटं सांगितलं तर काय म्हणेल. कासाबाई स्वतः बाजारात अशीच थांबते, समोरच्याचं बोट धरायच्या आधी. ती थांबण्याची तऱ्हा तिनं लेकीत ओळखली. सोळा-सतरा वर्षं आपण पोरीला भाकरी दिली, कपडे दिले, आणि एवढ्याशा वयात तिला आपल्याच आईशी सौदा करायला शिकवलं.

“बाई,” कासाबाई लेकीला म्हणाली, “माझ्याशी तरी मोठ्यानं बोलत जा.”

दिपाली घसा साफ करून, कंडक्टरलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “बारावीत परवेश परीक्षेच्या तयारीला मला परभनीला ऱ्हावं लागंल. होस्टेलवर. तू नगं म्हनशील म्हनून बोलले न्हवते.”

नगं, हा शब्द कासाबाईच्या तोंडात तयारच होता. कुणाचं होस्टेल, कोण चालवतं, दाराला कडी आतून की बाहेरून, सगळे प्रश्न रांग लावून उभे होते. तिनं लेकीचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं सवयीनं त्यावर पदर ओढला. मग तिनं तो पदर बाजूला सारून खांद्यावर टाकला. हात तसाच उघड्यावर धरून ठेवला.

“जा,” ती म्हणाली. “होस्टेल बघाय मी बी येनार पर.”

“ये की,” दिपाली म्हणाली.